ठाण्यातल्या बाल्कनीत अझेलिया : फुललेलं झाड उन्हाळ्यापर्यंत का मरतं आणि ते कसं जगवायचं

डिसेंबर लागला की घोडबंदर रोडवरच्या आणि बेलापूर-नेरूळकडच्या काही नर्सऱ्यांमध्ये एक बुटकं झाड पुढच्या रांगेत मांडलेलं दिसतं. उंची वीत-दीड वीत, फांद्या गच्च आणि पानं झाकली जातील इतकी गुलाबी, पांढरी किंवा लालसर फुलं. नाव अझेलिया. ऑनलाइनही त्याचे फोटो भुरळ घालतात. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बाल्कनी उजळून निघते. मग फुलं सुकतात, नवी पानं पिवळी पडू लागतात आणि होळीच्या आसपास कुंडीत बहुधा काड्या उरतात.

मग घरात चर्चा सुरू होते. पाणी जास्त झालं का? ऊन कमी पडलं का? खत घालायचं राहिलं का? गुलाबाला, जास्वंदीला जे चालतं ते सगळं केलं, तरी हे गेलंच कसं? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी असतं. अझेलियाच्या दोन गरजा आपल्या नेहमीच्या झाडांहून वेगळ्या आहेत : माती आम्लधर्मी हवी आणि वर्षातले काही आठवडे सलग गारवा हवा. पहिली गरज आपण कुंडीत भागवू शकतो. दुसरी ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत भागत नाही. हा फरक नीट कळला की झाड कसं जगवायचं तेही कळतं आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही.

हे झाड मुळात कुठलं?

अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच. लिनियसने १७५३ मध्ये या दोघांना वेगवेगळ्या प्रजाती मानलं होतं. १८३४ मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना एकत्र केलं आणि तेव्हापासून शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन असंच लिहिलं जातं. उत्तराखंडचा राज्यवृक्ष बुरांश आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल लालीगुरांस हे त्याचे थोरले भाऊबंद. दक्षिणेत निलगिरीच्या, पळणीच्या उंच डोंगरांवरही एक ऱ्होडोडेंड्रॉन रानात फुलतं. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र या घराण्यातलं कुणी नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरचं.

कुंडीत मिळणारी बुटकी, सदाहरित अझेलिया मुख्यतः चीन, तैवान आणि जपानच्या डोंगरउतारांवरच्या रानटी जातींपासून तयार झाली. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या गेंट शहराभोवतीच्या बागायतदारांनी तिला आटोपशीर कुंडीतलं झाड बनवलं. त्यांच्या अझेलियाला आज युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या कोकणच्या हापूसला आहे तसं. भारतात कालिम्पोंग, दार्जिलिंग, सिक्कीमच्या डोंगरांत ती चांगली वाढते आणि तिथल्या रोपवाटिका ती तयार करतात.

हे मूळ गाव लक्षात ठेवायला हवं, कारण झाडाच्या सगळ्या सवयी तिथल्या आहेत. डोंगरउतारावर पाऊस सतत मातीतला चुना धुऊन नेतो. वर कुजक्या पालापाचोळ्याचा थर असतो, ओलसर पण भुसभुशीत. अझेलियाची मुळं त्या थरातच पसरतात. ती केसासारखी बारीक असतात आणि बहुतेक वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमध्येच राहतात. इतर झाडांच्या मुळांना असतात तशी सूक्ष्म मूलरोमं त्यांना नसतात. त्याऐवजी एक बुरशी मुळांच्या आत राहते आणि कुजक्या पानांतलं अन्न त्यांना मिळवून देते. खोल कुंडी, चिकण माती आणि वरून भरपूर रासायनिक खत हा आपला नेहमीचा थाट अशा मुळांना मानवत नाही.

आम्लधर्मी माती म्हणजे नेमकं काय?

माती किती आम्लधर्मी आहे हे मोजायच्या मापाला शेतकरी ‘सामू’ म्हणतात. शाळेत आपण पीएच म्हणून शिकलो तेच हे माप. ७ म्हणजे मध्यम. त्याच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. लिंबाचा रस २ च्या आसपास असतो, दूध साडेसहाच्या जवळ, खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर. एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही : या मोजपट्टीवरचं एक घर म्हणजे दहापट फरक. ७ ची माती ५ च्या मातीपेक्षा जराशी वेगळी वाटते, प्रत्यक्षात तिच्यात आम्लता शंभरपट कमी असते.

अझेलियाला साधारण साडेचार ते सहा सामूची माती लागते. आपल्या बहुतेक कुंड्यांमधली माती साडेसहा ते आठच्या दरम्यान असते. कोकणातली जांभ्याची लाल माती मूळची आम्लधर्मी असते खरी. पण शहरात ती कुंडीत पडेपर्यंत तिच्यात शेणखत, राख, कधी बांधकामाचा भुगा मिसळलेला असतो. नव्या संकुलांच्या बागेत भराव टाकलेला असेल तर सिमेंट आणि चुना हमखास असतो. सिमेंटच्या कुंडीतून तर चुना वर्षानुवर्षं पाझरत राहतो. अझेलिया सिमेंटच्या कुंडीत लावू नये, हा मी सगळ्यात आधी सांगेन असा नियम.

लोह मातीत असतं, मग झाड उपाशी का?

सामू वाढला की पहिला फटका लोहाला बसतो. पानांत हरितद्रव्य तयार व्हायला झाडाला लोह लागतं. लाल मातीत लोह भरपूर असतं, तिचा लाल रंगच त्याचा. पण मुळं घन लोह खाऊ शकत नाहीत, ते पाण्यात विरघळलेलं असावं लागतं. मातीतलं लोह बहुतांशी ज्या गंजरूपात असतं, त्याचं विरघळणं सामू एका घराने वाढला की सुमारे हजारपटीने घटतं. फडताळात लोणच्याची बरणी काठोकाठ भरलेली आहे, पण झाकण इतकं घट्ट बसलंय की उघडतच नाही, असा प्रकार. अशा वेळी आणखी लोणचं आणून उपयोग नाही, झाकण सैल करायला हवं.

त्याची खूण पानांवर स्पष्ट दिसते. टोकाकडची नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. पानावर हिरव्या रेघांची जाळी उमटते. हीच खूण तुम्ही सोसायटीच्या कुंपणालगतच्या इक्झोरावर पाहिली असेल. भिंतीच्या प्लास्टरमधला चुना तिथल्या मातीत उतरलेला असतो.

सगळी पिवळी पानं मात्र लोहाची नसतात. सदाहरित अझेलियाही काही पानं टाकते. वसंतात आलेली मोठी पानं शरदात पिवळी होऊन गळतात आणि टोकाची छोटी पानं टिकून राहतात. खालची जुनी पानं सबंध पिवळी होऊन थोडी गळत असतील तर घाबरू नका. नव्या पानांत शिरांची जाळी दिसली तर मात्र सामूकडे वळा.

सामू घरी तपासता येतो. मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा सामू मोजायचं थेंबांचं किट मिळतं. एक वाटी माती आणि दोन वाट्या एसीचं किंवा डिस्टिल्ड पाणी ढवळा, अर्धा तास ठेवा, वरचं निवळलेलं पाणी गाळून तपासा. मातीत खुपसायचे स्वस्त काटेवाले मीटर मिळतात, त्यांच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

रोज घालतो त्या पाण्याचं काय?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. माती अगदी योग्य घेतली, तरी पाणी जड असेल तर काही महिन्यांत ती बदलते. जड पाणी म्हणजे चुन्याचे क्षार असलेलं पाणी. नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर साचतो तो त्याचाच. हे क्षार पाण्याबरोबर रोज कुंडीत उतरतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि सामू वर सरकत जातो.

महापालिकेचं पाणी त्या मानाने सौम्य असतं, कारण ते पावसाचं साठवलेलं पाणी आहे. ठाण्याला भातसाचं पाणी मिळतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. अडचण येते ती बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये. घोडबंदर पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात टँकर वाढतात आणि झाडालाही नेमकं तेव्हाच सर्वांत जास्त पाणी लागतं.

यावर एक सोपा उपाय आपल्या खिडकीबाहेरच ठिबकत असतो : एसीचं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन ते बनतं, म्हणून त्यात चुना जवळपास नसतो. एप्रिल-मेमध्ये एका एसीखाली रात्रभरात एक-दोन अझेलियांना पुरून उरेल इतकं जमतं. बादली स्वच्छ ठेवा आणि एसीची सर्व्हिसिंग करताना रसायनाने धुतलेलं पाणी त्या दिवशी घेऊ नका, एवढीच काळजी. पावसाळ्यात गच्चीवर किंवा ग्रिलवर पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवता येतं. झाकण नीट लावा, डासांची पैदास ही ठाण्यात गंभीर गोष्ट आहे.

आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र अझेलियाला घालू नका. पाणी वाचवण्याची तळमळ मला समजते, पण गाळून काढलेले क्षार त्या नळीतूनच बाहेर पडतात. ते फरशी पुसायला वापरा.

कुंडीत काय भरायचं?

आधी मातीचं प्रमाण कमी करा. माझ्या पसंतीचं मिश्रण असं : निम्मं धुतलेलं कोकोपीट, पाव हिस्सा पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, उरलेल्या पावात कुजलेला पालापाचोळा आणि थोडी चाळलेली लाल माती. पाइनची साल ऑर्किडसाठी म्हणून मिळते. ती परवडत नसेल तर भाताचं तूस घ्या, हवा खेळती राहण्याचं काम ते बऱ्यापैकी करतं. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळणं आवश्यक आहे, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि ही बारीक मुळं मिठाने जळतात.

गांडूळखत थोडंच, मूठभर. ते बहुधा मध्यम ते किंचित अल्कधर्मी असतं. अंड्याची टरफलं, चुलीची किंवा होळीची राख, हाडांचा चुरा, चुना हे सगळं बाकीच्या झाडांना घाला, इथे अजिबात नको. कुंडी रुंद आणि उथळ घ्या, प्लास्टिकची किंवा मातीची. ग्रोबॅगही चालते.

आणखी एक धोका झाडाबरोबरच घरी येतो. नर्सरीतली अझेलिया बहुतेकदा पीट किंवा कोकोपीटच्या घट्ट गोळ्यात असते. हा गोळा एकदा पुरता सुकला की पाणी झटकून टाकतो. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली निघून जातं, ताटलीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं, आणि आत गोळा कोरडा ठणठणीत. माझ्या मते ‘रोज पाणी घालूनही मेलं’ म्हणणाऱ्यांच्या अनेक अझेलिया अशाच जातात. कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर ती बादलीत काठापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पूर्ण निथळू द्या.

“कढीपत्त्याला आंबट ताक घालतो, तसं याला चालेल का?”

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. ताकातलं आम्ल मातीतले जिवाणू थोड्याच दिवसांत संपवतात, त्यामुळे सामूवर टिकाऊ परिणाम होत नाही. राहतात ते स्निग्धांश आणि मीठ. त्यांनी मुंग्या येतात, वास येतो आणि मुळांवर बुरशी वाढते. जमिनीत लावलेला कढीपत्ता हे सहन करतो, उथळ कुंडीतली अझेलिया करत नाही. लिंबाच्या रसाचं आणि व्हिनेगरचंही तेच. जोरदार घातलं तर मुळं भाजतात, बेताने घातलं तर परिणाम चार दिवसांचा. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन वाळवला तर पालापाचोळा म्हणून घालायला हरकत नाही, पण त्याने माती आम्लधर्मी होईल ही आशा ठेवू नका. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याची आम्लता तर बरीचशी कपातच उतरलेली असते.

हायड्रेंजिया निळी व्हावी म्हणून काही जण मातीत तुरटी घालतात. तुरटीने सामू उतरतो हे खरं, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम साठत जाऊन अझेलियाच्या मुळांना इजा करतं. म्हणून तुरटी नको.

टिकाऊ उपाय म्हणजे गंधक, नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये भुरीवर वापरतात तेच. मातीतले जिवाणू गंधकाचं हळूहळू आम्ल बनवतात. त्याला ऊब आणि ओल लागते, दोन्ही आपल्याकडे आहेत. दहा लिटरच्या कुंडीला एक लहान चमचा पुरे, वरच्या थरात नीट मिसळून. परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून घाईने दुसरा चमचा टाकू नका. दोन-तीन महिन्यांनी सामू मोजूनच पुढचं ठरवा.

तोवर पिवळ्या पानांना तात्पुरता आधार म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचा पाण्यात विरघळणारा क्षार, देता येतो. एक लिटर सौम्य पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवा, ऊन उतरल्यावर पानांवर हलका फवारा मारा. फरशीवर थेंब पडले तर तांबडे डाग जात नाहीत, खाली कागद अंथरा. बाजारात चिलेटेड लोहही मिळतं, म्हणजे अशा आवरणातलं लोह जे जास्त सामूतही विरघळलेलं राहतं. त्यात ईडीटीए प्रकार साडेसहा सामूपर्यंतच टिकतो, ईडीडीएचए प्रकार त्याच्या बराच वरही. जड पाण्याच्या घरात दुसरा घ्या, महाग असला तरी.

माती जमली, झाड जगलं, पण फुलं पुन्हा का येत नाहीत?

इथे आपण दुसऱ्या गरजेकडे येतो आणि इथे प्रामाणिकपणे सांगणं भाग आहे.

अझेलियाची कळी दोन टप्प्यांत तयार होते. फुलं संपल्यावर नवी फूट येते आणि उबदार दिवसांत तिच्या टोकाला पुढच्या बहराच्या कळ्या धरतात. मग या कळ्या झोपी जातात. त्यांची झोप मोडायला कित्येक आठवड्यांचा गारवा लागतो, साधारण १० अंश सेल्सियसच्या खालचा. डोंगरात तो हिवाळ्यात आपोआप मिळतो. युरोपातले उत्पादक कळ्या धरलेली झाडं ४ ते ६ आठवडे शीतगृहात ठेवतात आणि मग उबेत आणून हव्या त्या तारखेला फुलवतात. तुम्ही डिसेंबरात पाहिलेलं फुलांनी लदलेलं झाड असा गारवा खाऊन आलेलं असतं.

ठाण्याला अशी थंडी पडतच नाही. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. तिथली आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची, २२ जानेवारी १९६२ ची. म्हणजे ज्या एका रात्रीच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, तशा रात्री अझेलियाला सलग महिनाभर हव्या असतात. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीलगत राहणाऱ्यांना थोडा जास्त गारवा मिळतो, पण तोही पुरेसा नाही.

म्हणून इथे दुसऱ्या वर्षी होतं ते असं : कळ्या धरतात, पण एकदम उघडत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत इथे चार, तिथे दोन फुलं येतात, काही कळ्या तपकिरी होऊन वाळतात. कळीच्या बुडातून नवे कोंब फुटतात आणि कळीचं अन्न पळवतात. हे कोंब नखाने खुडून टाकले तर उरलेल्या कळ्या उघडण्याची शक्यता वाढते. नोव्हेंबरपासून रोज पाच मिनिटं हे काम केलं तर फरक पडतो. पहिल्या वर्षीचा गच्च बहर मात्र परत येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

“हाँगकाँगही उष्णच आहे, तिथे कसं फुलतं?”

आक्षेप चांगला आहे. हाँगकाँगच्या डोंगरांवर अझेलिया रानात उगवते आणि वसंतात तिथली उद्यानं फुलून जातात. दमटपणा आपल्यासारखाच, उन्हाळाही आपल्यासारखाच घामाचा. फरक हिवाळ्याचा आहे. तिथे जानेवारीत दिवसाचं कमाल तापमानही सरासरी १९ अंशांच्या आत राहतं. आपल्याकडे पहाटे १७ असलं तरी दुपारी पारा ३१ वर जातो. तिथे चोवीस तास गारवा, इथे फक्त पहाटेचा. जगायला तो पुरतो, कळीची झोप नीट मोडायला पुरत नाही.

मग झाड फ्रिजमध्ये ठेवावं का? नको. घरच्या फ्रिजमध्ये फळं असतात आणि पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. अंधार आणि इथिलीन एकत्र आले की अझेलियाची पानं-कळ्या गळून पडतात. कळ्या उघडतील की नाही ते पुढचं, आधी झाड उघडं पडेल.

‘वर्षातून दोन-तीनदा फुलणारी’ असं लिहिलेल्या जातीही असतात. अमेरिकेतल्या लुइझियानात अशी पुन्हा फुलणारी अझेलिया खरोखर तयार केली गेली आहे. ती नव्या फुटीवर त्याच हंगामात पुन्हा फुलते. विक्रेत्याला जातीचं नाव विचारा. ते सांगता येत नसेल तर त्या शब्दांसाठी जादा पैसे देऊ नका.

बाल्कनीत जागा कुठली आणि पावसाळ्यात काय?

पूर्वेकडची बाल्कनी सर्वांत चांगली. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन, मग उजेड पण सावली. उत्तरेची खिडकीही चालते. पश्चिमेची बाल्कनी असेल तर मार्चपासून शेडनेट लावावीच लागेल आणि तरीही मी त्या जागी अझेलियाची शिफारस करणार नाही. तापलेल्या काचेच्या आणि फरशीच्या झळा रात्रीपर्यंत सुटत राहतात. रात्र गरम असली की झाड दिवसभरात केलेलं अन्न श्वसनातच उडवून टाकतं. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर झाड चार दिवसांत करपतं. एप्रिल-मेमध्ये पानांच्या मागे लाल कोळी येतो. भिंग घेऊन पाहा आणि सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पाऊस हवा असलेलं झाड पावसात का मरतं, हे कोडं वाटतं. डोंगरउतारावर पाणी पडतं आणि वाहून जातं. कुंडीत ते थांबतं, शिवाय आपला पाऊस उबदार असतो. ओली, उबदार, हवा नसलेली माती मिळाली की फायटोप्थोरा नावाचा रोगकारक मुळं कुजवतो. पानं मलूल होतात, आपण समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतो. पहिल्या काही सरींत झाडाला भिजू द्या, साचलेले क्षार धुऊन जातील. मग कुंडी छज्जाखाली घ्या. विटांवर उचलून ठेवा, खालची ताटली चार महिने काढून टाका. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

छाटणी आणि खत

छाटणी एकदाच, फुलं संपल्या संपल्या, जास्तीत जास्त महिन्याभरात. शेंडे खुडले की झाड आटोपशीर राहतं. जुलैनंतर कात्री लावली तर धरलेल्या कळ्याच कापल्या जातील. खत कमीत कमी : वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम अमोनियम सल्फेट, ओल्या मातीवर. ते नत्र देतं आणि सामूही खाली ठेवतं. फुलावर असलेल्या झाडाला खत नाही, मे महिन्यातही नाही.

घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर?

हा भाग कृपया वगळून पुढे जाऊ नका. अझेलियाचं पान, फूल, मध, सगळंच विषारी आहे. त्यातलं ग्रेयानोटॉक्सिन नसा आणि हृदयाच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. त्यामुळे लाळ गळते, उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. ख्रिस्तपूर्व ४०१ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी ग्रीक सैनिक असा मध खाऊन आडवे झाल्याची नोंद झेनोफोनने केली आहे. मांजर किंवा पिल्लू पानं चघळत असेल तर हे झाड घरी आणू नका. छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नका. शेळ्यांना या पानांची विषबाधा होते आणि येऊरच्या पाड्यांवर शेळ्या मोकळ्या चरतात.

उत्तराखंडच्या सहलीत अनेकांनी बुरांशचं लाल सरबत प्यायलेलं असतं. ते वेगळ्या जातीच्या फुलांचं असतं आणि तिथली माणसं ती फुलं ओळखून घेतात. अझेलियाची फुलं सरबतात, सॅलडमध्ये किंवा केकवर सजावटीलाही वापरू नयेत. कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, पान बरोबर घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

मग घ्यावं की नाही?

पूर्वेची बाल्कनी आणि सौम्य पाणी असेल, आणि पहिल्या वर्षी भरघोस, पुढे मोजकी फुलं चालणार असतील तर जरूर घ्या. घेताना पूर्ण फुललेलं झाड उचलू नका. निम्म्याहून जास्त कळ्या मिटलेल्या पण रंग दाखवणाऱ्या असाव्यात, म्हणजे बहर तुमच्या घरी उलगडेल. ठाण्यात हिवाळ्यात झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा नुसतं पाहून न परतता तिथल्या माळ्यांशी बोला, ते पाणी आणि मातीबद्दल मोकळेपणाने सांगतात. बाल्कनी पश्चिमेची आणि पाणी टँकरचं असेल तर बुटकी इक्झोरा किंवा पेंटास लावा. आटोपशीर, सदाहरित, आणि आपल्या हवेत जवळजवळ वर्षभर फुलणारी ही झाडं आहेत. यात मला कमीपणा काहीच वाटत नाही.

अझेलियासाठी केलेली खटपट आणखी एका झाडाच्या कामी येते, ते म्हणजे अनंत. ठाण्या-नवी मुंबईत अनंत अनेक घरांत आहे आणि त्याची पानं पिवळी पडल्याची, कळ्या गळाल्याची तक्रारही तितकीच. अनंतालाही आम्लधर्मी माती आणि सौम्य पाणी लागतं, इक्झोरालाही. हेच मिश्रण, हेच एसीचं पाणी, हाच चमचाभर गंधक त्यांना मानवतो, आणि त्यांना गारव्याचा हट्ट नसल्याने ती दोन्ही इथे फुलूनही देतात.

अझेलिया वाचली नाही तर तिच्या कुंडीतलं मिश्रण अनंताला वापरता येतं, पण त्याआधी मुळं उपटून पाहा. ती पांढरी-तपकिरी आणि कडक असतील तर मिश्रण खुशाल वापरा. काळी पडून बोटांत मऊ लागत असतील, बाहेरची साल सुटून येत असेल, तर ती मुळकूज आहे. ते मिश्रण दुसऱ्या कुठल्याच कुंडीत जाऊ देऊ नका आणि कुंडीही ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.